मोळीचं वजन कोण करतं?

  उन्हाळ्याचे दिवस आहेत. कुणाच्या दारात कुरडया वाळत असतील, कुणी पाण्याच्या टँकरची वाट बघत असेल. हातातलं काम चालू ठेवा आणि कान आमच्याकडे द्या.

आज आम्ही घोड्यांच्या शर्यतीच्या मैदानाबद्दल बोलणार आहोत. म्हणाल, घोड्यांच्या शर्यती म्हणजे श्रीमंतांचा नाद, बीड जिल्ह्यातल्या बचत गटाच्या बायांना त्याचं काय? आम्हालाही तिथे जाईपर्यंत तसंच वाटत होतं. पण तिथे एक गोष्ट ऐकली आणि ती ऐकल्यापासून आमच्या गटांच्या बैठकीत दुसरा विषयच निघेना. ती गोष्ट आहे वजनाची. ती सांगण्याआधी तिथपर्यंत कसं गेलो ते सांगतो.

एप्रिलमध्ये मुंबईला एका प्रदर्शनात आमच्या गटांचा स्टॉल होता. पापड, शेवया, ज्वारीची बिबडी, शेंगदाण्याची चटणी असा माल होता. आम्ही अकराजणी गेलो होतो. त्यातल्या चौघी ऊसतोडीहून परत येऊन पंधरा दिवससुद्धा झाले नव्हते. स्टॉल अकरा वाजता उघडायचा, म्हणून एके दिवशी पहाटेच उठून महालक्ष्मीचं दर्शन घेतलं. देवळातून बाहेर पडलो, समुद्रात हाजीअलीचा दर्गा दिसला, आणि चालत चालत रस्त्याच्या पलीकडे गेलो तर पुढे मोठ्ठं हिरवं मैदान. एवढ्या गर्दीच्या मुंबईत एवढी मोकळी जागा बघून आमच्यातल्या एक मावशी म्हणाल्या, "अगं, हे कुणाचं रान आहे?"

ते होतं महालक्ष्मीचं रेसकोर्स. सकाळ-संध्याकाळ तिथे मुंबईचे लोक फिरायला येतात. आम्हीही त्यांच्या मागोमाग आत गेलो.

या मैदानाची थोडी माहिती सांगतो. मुंबईत घोड्यांच्या शर्यती इंग्रजांनी सुरू केल्या. आधी त्या भायखळ्याला व्हायच्या. मग महालक्ष्मीजवळच्या दलदलीच्या जमिनीवर हे नवं मैदान तयार झालं आणि १८८३ पासून शर्यती इथे होऊ लागल्या. पुण्याचं रेसकोर्स त्याहूनही जुनं, १८३० सालचं आहे आणि ते लष्कराच्या जमिनीवर आहे. ही दोन्ही मैदानं रॉयल वेस्टर्न इंडिया टर्फ क्लब चालवतो. महालक्ष्मीचं मैदान एकूण २११ एकर. आम्ही अकराजणींनी आपापल्या घरची शेती तिथे उभ्या उभ्या मोजली, तर सगळ्यांची मिळून तीस एकर पण भरली नाही. या जागेचा भाडेपट्टा २०१३ साली संपला होता. त्यानंतर तिथे काय करायचं यावर बरीच वर्षं वाद झाला. शेवटी २०२४ मध्ये ठरलं, की १२० एकरांवर मुंबई महापालिका सगळ्यांसाठी मोठं उद्यान करणार आणि ९१ एकर शर्यतींसाठी क्लबकडे राहणार. म्हणजे दीडशे वर्षं होत आली तरी घोड्यांची जागा पुढेही आहेच.

मुंबईचा शर्यतींचा हंगाम साधारण नोव्हेंबरला सुरू होतो आणि एप्रिलपर्यंत चालतो. मग घोडे पुण्याला जातात आणि पावसाळ्यात तिथे शर्यती होतात. हे ऐकल्यावर आमच्यातली एक ताई पटकन म्हणाली, "म्हणजे त्यांचा आणि आपला हंगाम एकच की!" खरंच. दिवाळीनंतर गाड्या भरायच्या, कारखान्यावर जायचं आणि उन्हाळ्याच्या तोंडाला गावाकडे यायचं. घोड्यांचं आणि आपल्या ऊसतोड कामगारांचं वेळापत्रक जवळजवळ सारखं.

आम्ही गेलो तेव्हा शर्यत नव्हती. स्टँड रिकामे होते. पण घोड्यांचा सकाळचा सराव चालू होता. ऊन चढायच्या आत तो संपवायचा असतो. पळून आलेल्या घोड्याला लगेच बांधत नाहीत. त्याचा दम खाली बसेपर्यंत मोतद्दार त्याला सावकाश फिरवतो, मग अंगावर पाणी घालतो. आम्ही कठड्याजवळ उभं राहून बघत होतो. तिथे एक म्हातारे काका बसले होते. साताऱ्याकडचे, उभा जन्म मोतद्दाराचं काम केलेले. नऊवारीतल्या बाया बघून त्यांना गावाकडची माणसं भेटल्यासारखं झालं असावं. ते आपणहून बोलायला लागले. त्यांनी जे सांगितलं ते आता नीट ऐका.

शर्यतीत घोड्यावर जो माणूस बसतो त्याला जॉकी म्हणतात. कोणत्या घोड्याने किती वजन घेऊन पळायचं हे शर्यतीच्या आधी ठरलेलं असतं. साधारण पन्नास ते साठ किलो. यात जॉकी आला, त्याचं खोगीर आलं. शर्यतीआधी जॉकी खोगीर हातात घेऊन काट्यावर उभा राहतो. वजन कमी भरलं तर शिशाच्या पट्ट्या घालून ते पूर्ण करतात. शर्यत संपली की लगेच पुन्हा काट्यावर. जाताना जे वजन होतं ते येताना भरलं नाही तर पहिला आलेला घोडासुद्धा बाद होऊ शकतो.

दुसरी गोष्ट. पुष्कळशा शर्यतींत सगळ्या घोड्यांना सारखं वजन नसतं. जो घोडा जास्त ताकदीचा, आधीच्या शर्यती जिंकलेला, त्याच्या पाठीवर जास्त वजन. जो कमी ताकदीचा त्याच्यावर कमी. सगळ्यांना जिंकायची संधी मिळावी म्हणून हा हिशोब.

आणि तिसरी गोष्ट. डर्बीसारख्या मोठ्या शर्यतीत घोडी घोड्यांबरोबर पळते तेव्हा तिला वजनात थोडी सूट मिळते. आपल्या देशातली सगळ्यात मानाची शर्यत म्हणजे इंडियन डर्बी. ती याच महालक्ष्मीच्या मैदानावर होते, २४०० मीटरची. पहिली डर्बी १९४३ साली झाली आणि ती जिंकली एका घोडीने. तिचं नाव प्रिन्सेस ब्युटिफुल, बडोद्याच्या महाराजांची घोडी. हे ऐकून आमच्या बायांनी तिथेच टाळ्या वाजवल्या.

टाळ्या थांबल्यावर मात्र त्याच मावशी, ज्या "हे कुणाचं रान" म्हणाल्या होत्या, त्यांनी काकांना विचारलं, "आन् आमच्या मोळीचं वजन कोण करतं हो?"

काका हसले. आमच्यातल्या कुणाला हसू आलं नाही.

मैत्रिणींनो, गैरसमज नको. घोड्याचं आयुष्य सुखाचं असतं असं आम्ही म्हणत नाही. त्यालाही चाबूक बसतो, पाय मोडतो. आणि त्याचं वजन मोजतात ते त्याच्या दयेपोटी नाही. त्याच्यावर लोकांचे पैसे लागलेले असतात. कुणी वजन चोरलं तर पैज लावणारे बोंब मारतील, म्हणून एवढा चोख कारभार. पैजेच्या पैशाचंही ऐकून ठेवा. सगळ्यांचे पैसे एका ठिकाणी गोळा होतात. त्यातून सरकारचा कर निघतो, क्लबचा खर्च निघतो आणि राहिलेले पैसे जिंकणाऱ्यांत वाटतात. म्हणजे शंभर रुपये गोळा झाले तर परत वाटायला शंभर नसतातच. एखादा जिंकतो, पण सगळे मिळून बघितले तर हरतातच. १९९६ साली सुप्रीम कोर्टाने घोड्यांच्या शर्यतीला कौशल्याचा खेळ म्हटलं आहे, पण कौशल्य असलं तरी हा हिशोब बदलत नाही. आपल्या गटाच्या पेटीतला पैसा व्याजासकट आपल्यातच फिरतो. मोबाईलवरच्या खेळांत पैसे घालवणारं कुणी घरात असेल तर त्याला हे जरूर समजावून सांगा.

तर जिथे पैसा असतो तिथे काटा असतो. आता आपल्या ऊसतोडीकडे बघू. उसाचं वजन होतं का? होतं. गाडी कारखान्यावर गेली की आधी काट्यावर उभी राहते. भरलेल्या गाडीचं वजन, रिकाम्या गाडीचं वजन, मधला फरक म्हणजे ऊस. शेतकऱ्याला त्याचेच पैसे मिळतात, तोडणीचा हिशोब त्यावरच आणि मुकादमाचं कमिशनही त्यावरच. काट्यात फरक आला तर केवढी भांडणं होतात ते आपण बघतो. पण ज्या बाईच्या डोक्यावरून तो ऊस गाडीत चढला, तिच्या डोक्यावर एका वेळी किती किलो होतं, हे कुठल्याच काट्यावर येत नाही. ते कुणाच्याच वहीत लिहिलेलं नसतं.

गावाकडे आल्यावर आम्ही ठरवलं, आपणच मोजू. गटातल्या एका ताईच्या रानात बेण्यासाठी राखलेला थोडा ऊस होता. त्या चौघींपैकी दोघींना सांगितलं, फडात बांधता तशीच मोळी बांधा, कमी नको, जास्त नको. कापूस मोजायचा हुकाचा काटा लिंबाच्या फांदीला टांगला आणि मोळी त्याला अडकवली. ३८ किलो भरली. मग उपकेंद्रात जाऊन मावशींचं वजन केलं. ते भरलं ४२ किलो.

आता हिशोब बघा. शर्यतीचा घोडा साडेचारशे ते पाचशे किलोचा असतो. त्याच्या पाठीवर पन्नास-साठ किलो. म्हणजे त्याच्या अंगाच्या आठव्या-नवव्या हिश्शाएवढं वजन. मावशींच्या डोक्यावर मात्र जवळजवळ त्यांच्याच अंगाएवढं वजन. हाच हिशोब घोड्याला लावला तर त्याच्या पाठीवर सात-आठ जॉकी बसवावे लागतील. घोडा तेवढं वजन घेऊन अडीच मिनिटं पळतो, मग त्याला पुढच्या शर्यतीपर्यंत कित्येक दिवस मिळतात. आपल्याकडे एका कोयत्याने, म्हणजे नवरा-बायकोच्या जोडीने, दिवसाला दीड टन ऊस तोडला तरी अशा चाळीस मोळ्या होतात. त्यातल्या निम्म्याच बाईने वाहिल्या असं धरलं तरी वीस. त्याही फळीवरून गाडीत चढवायच्या. असं पाच-सहा महिने. एक दिवस अंग धरलं तर खाडा. पाळी असो, पोट दुखत असो, पोटात लेकरू असो.

याची किंमत काय, ते आपल्या जिल्ह्याला ठाऊक आहे. २०१९ साली गर्भपिशवी काढलेल्या ऊसतोड महिलांचा प्रश्न पुढे आला. डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली सरकारने समिती नेमली. जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांची पाहणी झाली आणि त्यातल्या १३,८६१ जणींच्या पिशव्या काढलेल्या निघाल्या. म्हणजे दर सहा बायांत एक. पुष्कळजणींचं वय चाळिशीच्या आतलं. सगळंच दुखणं मोळीच्या वजनाने येतं असं नाही. फडावर संडास नाही, आंघोळीला आडोसा नाही, अंगावर पांढरं जातं ते अंगावरच काढायचं, लग्न लवकर, बाळंतपणं लवकर. खाड्याची भीती आणि पिशवी काढली की कटकट मिटेल असं सांगणारे लोक. पण या सगळ्यात वजनही आहे, आणि ते कुणी मोजलं नाही म्हणून ते बोलण्यातही येत नाही.

एक आनंदाची गोष्ट मध्येच सांगतो, कारण ती शर्यतीचीच आहे. आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे तुम्हाला माहीत आहे. २०२२ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत रौप्यपदक, हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक. त्याची शर्यत स्टीपलचेस, अडथळे आणि पाण्याचा खड्डा ओलांडत पळायची. ती शर्यत मूळची घोड्यांचीच. आयर्लंडमध्ये १७५२ साली दोन घोडेस्वारांनी एका चर्चच्या मनोऱ्यापासून दुसऱ्या मनोऱ्यापर्यंत, मध्ये येतील ते ओढे आणि कुंपणं ओलांडत शर्यत लावली, तिथून ते नाव आलं. त्या शर्यतीत आपल्या जिल्ह्याचा पोरगा आज देशात पहिला आहे. त्याने खाल्लं किती, त्याचं वजन किती, झोप किती, दम किती, हे सगळं मोजलं जातं, तेव्हा तो पळतो. मोजण्याने माणूस लहान होत नाही.

मग आम्ही काय करायला घेतलं ते सांगतो. जॉकीची पद्धत आम्ही उचलली आहे. जाताना वजन, येताना वजन.

ऊसतोडीला जाणाऱ्या प्रत्येक ताईचं दसऱ्याच्या आसपास, गाडी भरायच्या आधी, उपकेंद्रात वजन करायचं आणि रक्तातलं हिमोग्लोबिन तपासायचं. आशाताई यात मदत करतात. तारखेसकट गटाच्या रजिस्टरमध्ये लिहायचं. परत आली की पहिल्या बैठकीच्या आत पुन्हा वजन, पुन्हा तपासणी. आपल्या दशसूत्रीत आरोग्याचं सूत्र आहेच, त्यासाठी वेगळा ठराव पण लागत नाही. या एप्रिलमध्ये त्या चौघींचं "येताना"चं वजन लिहून झालं आहे. तीनजणींचं हिमोग्लोबिन नऊच्या खाली निघालं, गोळ्या चालू केल्या. गोळ्या घ्यायला सांगणारं कुणीतरी रोज विचारतं, एवढ्यानेसुद्धा फरक पडतो.

दुसरं मोळीचं. ही बाब सोपी नाही. बैठकीत आम्ही म्हटलं, मोळी पंचवीस किलोची बांधा. तेव्हा एक वहिनी उठून म्हणाली, "मोळी लहान केली तर फेऱ्या वाढतात. गाडी भरायला रात्र होती. लेकरं उपाशी झोपत्यात. तुम्ही येता का भरायला?" तिचं खरं होतं. त्यावर दोन बैठका चर्चा झाली आणि बायांनी स्वतःच तीन गोष्टी काढल्या. पहिली, टोळीतली जी बाई गरोदर आहे किंवा ओली बाळंतीण आहे, तिने मोळी वाहायचीच नाही, तिने वाढे बांधायचे. तिच्या मोळ्या टोळीने वाटून घ्यायच्या. दुसरी, फळीवरून गाडीत चढवायचं काम गड्यांनी करायचं, बायांनी गाडीपर्यंत आणून द्यायचं. ज्याची ताकद जास्त त्याच्यावर वजन जास्त, हा घोड्यांचा नियम आहे, तो माणसांना लावायला काय हरकत आहे? तिसरी, एक हुकाचा काटा टोळीबरोबर न्यायचा. रोज मोजायची गरज नाही. आठवड्यातून एकदा एक मोळी अडकवून बघायची आणि आकडा घरच्या माणसाला दाखवायचा. आमच्या गटांत ज्या घरी हा आकडा नवऱ्यांना सांगितला, तिथे दोघांनी तरी मान खाली घालून "एवढं असंल असं वाटलं नव्हतं" असं म्हटलं. डोक्यावर घेतल्याशिवाय वजन कळत नाही, पण काट्यावर वाचता येतं.

तिसरं, पिशवीचं. कुणी डॉक्टर पिशवी काढा म्हणाले तर त्याच दिवशी हो म्हणू नका. कागद घेऊन सरकारी दवाखान्यात दुसऱ्या डॉक्टरांना दाखवा. एकटी जाऊ नका, गटातली एकजण बरोबर न्या. पैसे लागले तर उचल घेऊन ऑपरेशन करण्याआधी गटाला विचारा. आणि ज्यांनी अजून नोंदणी केली नसेल त्यांनी गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळाच्या ओळखपत्रासाठी ग्रामपंचायतीत चौकशी करा. कागदावर नाव असेल तरच उद्या हक्क मागता येईल.

आणि ज्या ताई ऊसतोडीला जात नाहीत, त्यांनी असं समजू नका की हे आपलं नाही. डोक्यावर हंडा, त्यावर कळशी, कडेवर आणखी एक हंडा घेऊन तुम्ही किती किलो वाहता, तेही एकदा काट्याला लावून बघा. या उन्हाळ्यात टँकरपासून घरापर्यंत किती फेऱ्या होतात, ते मोजा. आमच्या एका गटाने मोजलं, तर एका ताईच्या डोक्यावरून आणि कडेवरून दिवसाला दोनशे किलोच्या वर पाणी जातं. तो आकडा लिहून त्यांनी ग्रामसभेत दिला. "पाण्याचा त्रास आहे" हे दरवर्षी सगळेच म्हणतात आणि सगळेच ऐकून सोडून देतात. आकडा दिल्यावर ग्रामसेवकांना तो इतिवृत्तात लिहावा लागला.

तर मैत्रिणींनो, येत्या बैठकीत बचत गोळा झाली, कर्जाचे हप्ते झाले, की पाच मिनिटं जास्त बसा. गटातली कोण कोण यंदा तोडीला जाणार त्यांची यादी करा. त्यांच्या नावापुढे दोन रकाने आखा, एक "जाताना" आणि एक "येताना". ज्या आत्ताच परत आल्या आहेत, त्यांचा "येताना"चा रकाना याच महिन्यात भरा. हुकाचा काटा गावात कापूसवाल्याकडे असतो, एक दिवस मागून आणा. आणि जे आकडे निघतील ते आम्हाला कळवा. पुढच्या कार्यक्रमात ते वाचून दाखवू, नाव न घेता, गावाचं नाव घेऊन.

उन्हात काम करताना डोक्याला पदर घ्या, पाणी पीत राहा आणि स्वतःला जपा. नमस्कार.